सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून हक्क जात नाही: राजापूरच्या सामाईक जमिनीबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला लगेच कळेल.

तुमचं माहेर राजापूर तालुक्यातलं. आजोबा १९८६ साली वारले, आजी २००१ साली, वडील २०२३ साली. आजोबांना तीन मुलं: थोरले काका, तुमचे वडील आणि आत्या. जमीन सगळी मिळून ३ हेक्टर ६० आर, त्यात आंब्याच्या कलमांची बाग, थोडी भातशेती आणि बाकी वरकस, म्हणजे हलकी डोंगरउताराची जमीन. सातबाऱ्यावर फक्त काकांचं नाव, आत्यांचं नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात, आणि तुमच्या वडिलांचं नाव कुठेच नाही. एका सर्व्हे नंबरला जुन्या कुळाचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन खंडाने कसणाऱ्याचं, नाव आहे. मूळ घरात वीस वर्षं राखणीला ठेवलेलं एक कुटुंब राहतं. घराच्या पुढच्या दोन खोल्या शाळेतल्या एका शिक्षिकेला भाड्याने द्यायचा विचार आहे. आणि आता चुलतभावाला बागेवर कर्ज काढायचं आहे, म्हणून तुम्ही, तुमचा भाऊ आणि आई अशा तिघांनी हक्कसोडपत्रावर सह्या कराव्यात असं तो म्हणतो. तुमचं लग्न १९९८ साली झालं आहे. तुम्ही विचारता: माझा काही हक्क उरला आहे का, आणि सही करू का?

हक्क पूर्ण आहे. सही आत्ता करू नका. बाकीचं सगळं उत्तर या दोन वाक्यांच्या कारणांचं आहे.

मी तीस वर्षं राजापूर आणि रत्नागिरीच्या कोर्टात जमिनीचीच कामं करते. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांचा घोटाळा एकाच ठिकाणी असतो. कागदावर नाव असणं, जमिनीत हक्क असणं आणि जमीन ताब्यात असणं या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे त्या एकच समजल्या जातात. काकांचं नाव आहे म्हणून जमीन काकांची, चुलतभाऊ कलमांना पाणी घालतो म्हणून बाग त्याची, राखणदार चुलीपाशी बसतो म्हणून घर त्याचं होणार. यातलं एकही कायद्याने आपोआप खरं नाही. पण तिन्ही गोष्टी दुर्लक्षाने खऱ्या होऊ शकतात.

आधी नावाबद्दल. सातबारा हा मालकीहक्काचा दस्त नाही. तो महसुलाचा अभिलेख आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने हक्क तयार होत नाही आणि नोंद नसल्याने हक्क मरतही नाही. तुमच्या वडिलांचा हक्क आजोबा वारले त्या क्षणी आला. तलाठ्याने काही लिहिलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

मग वडिलांचं नाव का नाही? जुना हस्तलिखित सातबारा आणि १९८६-८७ च्या सुमाराचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलल्याची नोंद, काढा. माझा अंदाज आहे की काकांच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी अक्षरं सापडतील. एकत्र कुटुंब मॅनेजर. त्या काळी घरातल्या कर्त्या पुरुषाचं नाव सगळ्यांच्या वतीने लावायचं ही रीत होती. धाकटे भाऊ मुंबईत गिरणीत नाहीतर गोदीत, बहिणी सासरी, गावात राहणारा थोरला शेतसारा भरणार; मग त्याचंच नाव पुरे, असं सगळ्यांना वाटायचं. यात लबाडी नव्हती. घोटाळा पुढच्या पिढीत होतो. एका प्रकरणात जुन्या सातबाऱ्यावर ती अक्षरं ठळक होती आणि नवा उतारा तयार करताना गळली. राहिलं नुसतं नाव. थोरल्याच्या मुलांनी जन्मापासून तोच उतारा पाहिलेला, त्यामुळे जमीन आपल्या एकट्याच्या बापाची असं ते मनापासून मानत होते. कोर्टात एका बाजूला त्यांचा संताप खरा होता, दुसऱ्या बाजूला चुलतभावांचा. १९७० च्या दशकातल्या एका फेरफाराच्या नकलेने तो दावा फिरवला. म्हणून म्हणते, वकिलाकडे जाण्याआधी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातून फेरफारांच्या नकला काढा. सध्याच्या सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक दिलेले असतात, त्यांच्या मागे मागे जात आजोबांच्या नावापर्यंत पोहोचा.

आत्यांचं नाव ‘इतर हक्कात’ आहे त्याचीही गोष्ट अशीच. मुलगे कब्जेदार म्हणून लावायचे आणि मुली इतर हक्कात ढकलायच्या, ही वर्षानुवर्षांची पद्धत. रकाना बदलल्याने हिस्सा कमी होत नाही. आत्या तुमच्या काकांच्या बरोबरीच्या हिस्सेदार आहेत. हे मी ठासून लिहिते आहे, कारण अशा प्रकरणांत सगळे भाऊ-पुतणे आपापसांत भांडतात आणि आत्याचा हिशोब कोणी धरतच नाही.

आता हिस्सा किती ते पाहू. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं आणि आजवर वाटणी झालेली नाही, असं धरून चालते. लोक लगेच विचारतात, जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला. त्यानंतर बापाकडून कलम ८ प्रमाणे वारसाने मिळालेली मिळकत ही मुलाच्या हातात त्याची स्वतंत्र मिळकत असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ आणि १९८७ सालच्या निकालांत हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ‘आजोबांची जमीन म्हणजे नातवाचा जन्मतः हक्क’ हे सरसकट खरं नाही. खरी वडिलोपार्जित, म्हणजे सहदायकी मिळकत असेल तर मात्र जन्मतः हक्क येतो, आणि तो आता मुलींनाही येतो. महाराष्ट्राने १९९४ मध्ये हा हक्क दिला होता, पण तो त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरता होता. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली. पुढे ‘वडील २००५ साली हयात असायला हवेत का’ यावर वर्षानुवर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला: मुलीचा हक्क जन्मानेच येतो, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, लग्नाने काही फरक पडत नाही.

तुमच्या घरात सुदैवाने दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. आजोबांची मिळकत स्वतंत्र होती असं धरलं तर १९८६ साली आजी, काका, वडील, आत्या यांना चौथा-चौथा हिस्सा मिळाला आणि २००१ साली आजीचा चौथा हिस्सा तिघा मुलांत गेला. म्हणजे तिघांना एक-तृतीयांश. सहदायकी धरली तरी आत्या बरोबरीच्या, म्हणून एक-तृतीयांशच. वडिलांच्या एक-तृतीयांशाचे तीन वारस: आई, भाऊ आणि तुम्ही. प्रत्येकाला एकूण जमिनीचा नववा हिस्सा. ३ हेक्टर ६० आरचा नववा भाग ४० आर, जवळजवळ एक एकर. चुलतभाऊ ज्या सहीला ‘नुसती फॉर्मॅलिटी’ म्हणतो त्या सहीची किंमत तुमच्यापुरती एक एकर आणि घराचा नववा हिस्सा आहे. राहत्या घरात मुलीने वाटणी मागू नये असं सांगणारं कलम २३ कायद्यात होतं खरं, पण २००५ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं. गावात अजूनही ते कलम जिवंत असल्यासारखं बोललं जातं.

हा हिशोब हिंदू कुटुंबाचा. शेजारच्या वाडीतल्या कोकणी मुसलमान कुटुंबाला किंवा सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबाला तो लागू नाही. मुस्लिम कायद्यात मुलीला मुलाच्या निम्मं मिळतं आणि मृत्युपत्राने साधारण एक-तृतीयांशापलीकडे देता येत नाही. ख्रिस्ती कुटुंबात मुलं असतील तर विधवेला एक-तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी सारखं.

‘पण आम्ही चाळीस वर्षं गावाला राहिलो नाही, हक्क मुदतबाह्य झाला असेल ना?’ हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. सामाईक मिळकतीत एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने असलेला ताबा मानला जातो. काकांनी बाग राखली ती कायद्याच्या नजरेत तुमच्या वडिलांसाठीही राखली. कितीही वर्षं गेली तरी केवळ त्यामुळे हक्क जात नाही. धोका दुसरीकडे आहे. ज्या दिवशी एखादा हिस्सेदार उघडपणे ‘यात तुमचा काही संबंध नाही’ असं सांगून तुम्हाला बाहेर ठेवतो आणि ते तुम्हाला कळतं, त्या दिवसापासून मुदत कायद्यातली १२ वर्षं मोजायला सुरुवात होऊ शकते. म्हणून चुलतभावाकडून तसा मेसेज, पत्र किंवा नोटीस आली तर गप्प बसू नका. दोन ओळींचं का होईना, ‘आमचा हिस्सा आहे आणि आम्ही तो सोडलेला नाही’ असं उत्तर स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा. भांडण नको म्हणून गप्प राहणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. त्यांचा चांगुलपणा पुढे त्यांच्याच विरुद्ध वाचला जातो, आणि ते पाहताना मला दरवेळी वाईट वाटतं.

आता हक्कसोडपत्र. याबद्दल सावकाश वाचा. हक्कसोड म्हणजे आपला हिस्सा इतर हिस्सेदारांच्या लाभात कायमचा सोडून देणं. तो तात्पुरता नसतो, कर्ज फिटलं की परत येत नाही. जमिनीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं. शंभर किंवा पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून केलेल्या कागदाने स्थावराचा हक्क जात नाही, हे खरं. पण म्हणून तसला कागद सही करून देऊ नका, कारण तोच कागद घेऊन फेरफाराला अर्ज होतो आणि मग निस्तरायला दोन-चार वर्षं जातात. आणि एकदा नोंदणी झालेला दस्त फसवणूक सिद्ध केल्याशिवाय फिरत नाही. त्यासाठी फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागतो.

देवगडकडच्या एक आजी माझ्याकडे आल्या होत्या. गणपतीला माहेरी गेल्या असताना भावाने ‘जरा तालुक्याला जाऊन येऊ’ म्हणून नेलं होतं, अंगठा घेतला होता. मी विचारलं, कागद वाचून दाखवला होता का? त्या म्हणाल्या, ‘भाव आसा तो, माका काय फसवतलो?’ भाऊ आता हयात नव्हता, आणि भाच्यांनी त्यांना चवतीला बोलावणंही बंद केलं होतं. त्यांना जमीन नकोच होती. माहेरच्या अंगणात उभं राहण्याचा हक्क हवा होता, आणि तो त्या कागदाने गेला असं त्यांना वाटत होतं. हे मी तुमच्या चुलतभावाबद्दल सांगत नाही, त्याला मी ओळखत नाही. सहीआधी कागद मोठ्याने वाचून घेणं म्हणजे भावावर अविश्वास नव्हे, एवढंच सांगायचं आहे.

राजीखुशीने हक्क सोडायचा असेल तर जरूर सोडा. पुष्कळ बहिणी सोडतात, आणि गावात राहून राबणाऱ्या भावाला तो आधार होतो. फक्त कोणाच्या लाभात सोडता ते नीट पाहा. तुमच्या मनात सख्ख्या भावासाठी सोडायचा असेल आणि कागदात चुलतभावाचं नाव असेल, तर सगळंच वेगळं होतं.

चुलतभावाला खरोखर कर्जच हवं असेल तर त्याला हक्कसोडाची गरज नाही. बहुतेक बँका सामाईक खात्यावर पीककर्ज देताना सहहिस्सेदारांचं संमतीपत्र मागतात. त्यात रक्कम, मुदत आणि कर्ज फेडण्याची जबाबदारी त्याची एकट्याची, हे लिहून घ्या. मोठं कर्ज हवं असेल तर वाटणी करून त्याचा स्वतःचा हिस्सा त्याला मोकळा करून द्या, तो त्यावर काय हवं ते करू शकतो. या दोन्ही गोष्टी नाकारून तो हक्कसोडच मागत राहिला, तर कारण कर्जाचं नाही असं समजा.

कुलमुखत्यारपत्राचंही तेच. मुंबईहून सारखं यायला जमत नाही म्हणून लोक सगळे अधिकार लिहून देतात. नुसत्या मुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे, पण विक्रीचा अधिकार दिलेला मुखत्यार तुमच्या वतीने रीतसर खरेदीखत करून देऊ शकतो. द्यायचंच तर एका कामापुरतं द्या: ‘वारस नोंदीचा अर्ज करणे व सुनावणीस हजर राहणे’. विक्री, गहाण, हक्कसोड हे शब्द त्यात असू देऊ नका.

मग करायचं काय? पहिलं काम वारस नोंद. वारसाने हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवावं असं जमीन महसूल अधिनियमाचं कलम १४९ सांगतं. उशीर झाला म्हणून नोंद नाकारली जात नाही. २०२५ मध्ये शासनाने मयत खातेदारांच्या जागी वारस लावण्यासाठी ‘जिवंत सातबारा’ मोहीमच काढली होती, इतकी ही थकबाकी राज्यभर आहे. अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या करता येतो. तिघांचे मृत्यू दाखले, शपथपत्रासह वंशावळ आणि सगळ्या वारसांची नावं-पत्ते लागतील. वंशावळीत कोणालाही वगळू नका, आत्यांना तर मुळीच नाही. आधी आजोबांचे वारस, मग आजीचे, मग वडिलांचे अशा क्रमाने फेरफार पडतील. वाद नसेल तर प्रत्येक वेळी कोर्टाचा वारस दाखला आणण्याची गरज नसते. फेरफार नोंदवला की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला १५ दिवस असतात, आणि मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. चुलतभावाने हरकत घेतली तर नोंद तक्रारी होते आणि सुनावणी लागते. निकाल विरुद्ध गेला तर ६० दिवसांत प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, अपील. मात्र महसूल अधिकारी मालकीचा अंतिम निवाडा करत नाहीत, तो दिवाणी कोर्टाचा विषय आहे.

नंतर वाटणी. सगळे राजी असतील तर त्याच अधिनियमाच्या कलम ८५ प्रमाणे तहसीलदारांकडे अर्ज करून किंवा नोंदणीकृत वाटणीपत्राने. राजी नसतील तर दिवाणी दावा. काका म्हणतील, ‘वाटणी कधीच झाली आहे, गडग्याच्या अलीकडचं माझं, पलीकडचं तुझ्या बापाचं.’ कोकणात अशा तोंडी वाटण्या घरोघर आहेत आणि त्या नेहमीच खोट्या नसतात. पण मुलींचा हक्क डावलण्यासाठी तोंडी वाटणी पुढे केली तर कोर्ट ती सहज मानत नाही, सरकारी कागदांचा भक्कम आधार मागतं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेली वाटणी मात्र उकरता येत नाही.

वाटणीत कलमांचा प्रश्न सगळ्यात नाजूक. सामाईक जमिनीत चुलतभावाने स्वतः खड्डे मारून, पाणी वाहून कलमं वाढवली असतील, तर ती बाग शक्य असेल तिथे त्याच्याच हिश्शात टाकून इतरांना दुसरीकडे भरपाई करून द्यावी, असं न्यायालयं पाहतात. मला ते योग्यच वाटतं. उन्हातान्हात त्याने कलमं जगवली आहेत. वीस वर्षांच्या आंब्यांचा हिशोब मागायचा हक्क कागदावर असेल, पण तो मागू नका असाच माझा सल्ला राहील. त्याने खतं-फवारण्यांची बिलं पुढे टाकली की ती लढाई तुमची दोन्ही घरं बुडवील. जमिनीचा हिस्सा मागा, तेवढा पुरेसा आहे.

कुळाच्या नोंदीला घाबरून जाऊ नका, आणि ती खोडायलाही धावू नका. आधी फेरफार वाचा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसत असलेलं कुळ कायद्याने जमीन खरेदी केलेलं मानलं जातं. कूळ कायद्याच्या कलम ३२ग प्रमाणे किंमत ठरून ती भरली असेल आणि ३२म चं प्रमाणपत्र मिळालं असेल, तर तो नंबर त्यांचा आहे, तुमच्या ३ हेक्टर ६० आरमधून तो वजा करा. प्रक्रिया अर्धवट राहिली असेल तर तहसीलदारांसमोर तिचा निवाडा होतो. कूळ आहे की नाही हा प्रश्न दिवाणी कोर्टही स्वतः ठरवत नाही, तिकडेच पाठवतं. एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. कुळ म्हणजे जमीन बळकावणारा, ही मुंबईकर कुटुंबांतली समजूत चुकीची आहे. खोतीच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोतांच्या वतनदारीच्या, जाचाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावात शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला, १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि खोती निर्मूलनाचा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. त्या नोंदीमागे कुणाच्या तरी पणजोबांचा घाम आहे. तुम्ही स्वतःच्या हक्कासाठी जुने कागद शोधताय, तसे तेही शोधत असतील.

नव्याने कुळाचा वाद होऊ नये यासाठी मात्र काळजी घ्या. भातशेती कुणाला तोंडी अर्धेलीने, म्हणजे अर्ध्या पिकाच्या बोलीवर, देऊ नका. बाग दुसऱ्याला द्यायची तर एका हंगामाच्या फळांपुरता लेखी करार करा, जमीन कसायला दिली असं त्यात कुठेही येऊ देऊ नका. ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या ऑनलाइन नोंदीत, दरवर्षी कोणाचं नाव लागतं ते मोबाइलवर तपासत जा. पाच मिनिटांचं काम आहे, पण तिथली सलग दहा वर्षांची परकी नावं पुढे तुमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवली जातात.

घरातल्या राखणदार कुटुंबाबद्दल तुमची भीती मी समजू शकते, पण कायदा इथे तुमच्या बाजूला स्पष्ट आहे. गोव्यातल्या एका घराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षं झाली तरी त्या मिळकतीत हक्क मिळत नाही. परवानगीने आलेला माणूस बारा वर्षांनी मालक होत नाही. तुम्ही फक्त त्यांच्याशी एक साधा कागद करा: राखणीसाठी राहत आहोत, दरमहा इतकी रक्कम मिळते, घरात हक्क सांगणार नाही. घरपट्टी आणि वीजबिल कुटुंबाच्याच नावावर ठेवा आणि वेळेवर भरा. घरपट्टीचा उताराही मालकीचा दाखला नाही, पण वादात तो उपयोगी पडतो. आणि पुढेमागे घर रिकामं करून हवं असेल तर सामान बाहेर फेकणं, वीज तोडणं असलं काही करू नका. जबरदस्तीने बाहेर काढलेल्या माणसाला सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मागता येतो, तेव्हा कोर्ट मालकी कोणाची हे बघतही नाही. वीस वर्षं ज्यांनी तुमच्या घरात दिवा लावला त्यांना दुसरी सोय करायला वर्षभराची मुदत देणं हे तसंही बरं दिसतं.

शिक्षिकेला खोल्या देताना नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करा. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के (परत करायच्या अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी व्याज धरून ते त्यात मिळवतात) आणि ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. एवढ्या पैशांत झोप शांत लागते. ‘अकरा महिन्यांचा आहे म्हणजे नोंदणी नको’ हा समज जुना आहे; महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे, आणि लेखी नोंदलेला करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हा कायदा प्रामुख्याने शहरांसाठी आहे, खेड्यात बहुतेक ठिकाणी मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. तरीही गावात नोंदणी करा असंच मी सगळ्यांना सांगते. आणि घर सामाईक आहे, तेव्हा करारात काका आणि आत्यांची लेखी संमती जोडा. भाडं कोणाच्या खात्यात जाणार तेही आधीच ठरवा. सगळ्यांत सोपं म्हणजे त्यातून घरपट्टी आणि कौलं शाकारण्याचा खर्च भागवायचा.

घराबद्दल आणखी एक. उद्या एखाद्या हिस्सेदाराने आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्या माणसाला विकला, तर त्या माणसाला राहत्या घरात थेट येऊन तुमच्याबरोबर ताबा मागता येत नाही, वाटणीचा दावा लावावा लागतो. तेव्हा त्याचा हिस्सा योग्य किमतीला विकत घेण्याचा हक्क कुटुंबाला १८९३ च्या वाटणी कायद्याने आहे. किनाऱ्यालगत होमस्टेसाठी जुनी घरं शोधत फिरणारे लोक वाढले आहेत, म्हणून हे माहीत असू द्या.

आईंचं मृत्युपत्र आता करून ठेवा. साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण करा. दोन साक्षीदार हवेत, त्यांनी आईंना सही करताना पाहिलेलं असावं. साक्षीदार आईंपेक्षा तरुण निवडा; माझ्याकडच्या एका मृत्युपत्राचे दोन्ही साक्षीदार करणाऱ्याच्या आधीच गेले होते, आणि सह्या ओळखणारी माणसं गोळा करताना सहा महिने गेले. ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नका. आणि आईंनी फक्त स्वतःचा नववा हिस्सा लिहावा, सगळी जमीन नाही. बक्षीसपत्राची घाई मात्र मुळीच नको. ते झालं की मालकी त्याच दिवशी जाते. कुणी आग्रह केलाच तर ‘आईचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे शब्द त्यात असलेच पाहिजेत, म्हणजे ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याने ते रद्द करून घेता येतं.

मे महिन्यात किंवा गणपतीत सगळे गावी जमतील तेव्हा हे कागद बरोबर न्या. चुलतभावाला आधी संमतीपत्राचा मसुदा दाखवा, मग वंशावळ. क्रम महत्त्वाचा आहे: त्याची अडचण तुम्ही सोडवायला आला आहात हे त्याला आधी दिसू दे. आणि त्याआधी, आजच, आत्यांना फोन करा. आपलं नाव सातबाऱ्यावर कुठे आहे आणि आपला हिस्सा किती, हे बहुधा त्यांना आजवर कोणी सांगितलेलंच नसेल.